बैठक, खुर्ची आणि हॉल : बेंगळुरूतील दिवाणखान्याच्या मांडणीचा इतिहास

घरात येणाऱ्या माणसाला कोठे बसवावे आणि कशावर बसवावे, हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या परीने सोडवलेला असतो. बैठकीच्या खोलीतील सामानाची मांडणी हे त्या उत्तराचे दृश्य रूप होय. वास्तुविद्या आणि समाजशास्त्र यांनी या मांडणीकडे कमीअधिक लक्ष दिले आहे. साहित्याचे अभ्यासक मात्र तिला बहुधा पार्श्वभूमी मानून बाजूला ठेवतात. कादंबरीतील दिवाणखान्याचे वर्णन किंवा नाटकाच्या आरंभीची रंगसूचना आपण घाईने वाचतो आणि संवादांकडे वळतो.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ही मांडणी भाषेतील आदरार्थी रूपांशी समांतर अशी एक व्यवस्था आहे. मराठीत 'बस', 'बसा', 'बसावे' या रूपांतून आणि कन्नडमध्ये 'नीनु', 'नीवु', 'तावु' या सर्वनामांतून जे सूचित होते, तेच पाट, गादी, खुर्ची आणि सोफा यांच्या जागांमधूनही सूचित होते. खुर्ची आली आणि बसण्यातील उतरंड संपली, असा एक सर्वसाधारण समज आहे. बेंगळुरूचा इतिहास पाहता ही उतरंड संपलेली दिसत नाही; तिने वेळोवेळी आपले ठिकाण बदलले आहे. कधी ती बैठकीच्या उंचीत होती, कधी दारापासूनच्या अंतरात, कधी आसनाच्या दिशेत. या विवेचनासाठी बेंगळुरूची निवड दोन कारणांनी केली आहे. एक तर जमिनीवरील बैठक आणि खुर्चीवरील बैठक या दोन पद्धती येथे पेटे आणि छावणी अशा दोन स्वतंत्र वस्त्यांच्या रूपाने शेजारी शेजारी नांदल्या. १९४९ साली दोहोंची मिळून एक महानगरपालिका होईपर्यंत त्यांचा कारभारही वेगळा होता. दुसरे म्हणजे, मराठी आणि कन्नड या दोन भाषा येथे सतराव्या शतकापासून एकमेकींच्या घरात वावरत आल्या आहेत.

सभा आणि बैठक

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे एकोजीराजांकडे असलेला हा प्रदेश १६८७ मध्ये मोगलांच्या हाती पडला व त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांनी विकत घेतला. या अर्धशतकाच्या खुणा शहरात आजही आहेत. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळातील एकोजीराजांचा १६६९ चा दानलेख ही त्यांपैकी एक. तथापि तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या काळाचा सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य. वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. शहाजीराजांच्या सभेचे चित्र त्यात आहे आणि त्याच्या अखेरच्या भागात निरनिराळ्या भाषांतील रचना आहेत. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत कविता करतो हे त्यातून सुचवले, हा प्रसंग सर्वपरिचित आहे.

या प्रसंगाचा विचार बहुभाषिकतेचा पुरावा म्हणून नेहमी केला जातो. पण नारळ 'पुढे ठेवणे' ही क्रिया ज्या जागेत घडते, तिचाही विचार व्हावयास हवा. दरबारी सभेत मध्यभाग मोकळा असतो. सामान म्हणावे असे त्या जागेत फार थोडे, म्हणजे जाजम, गाद्या, लोड, तक्के. कोण कोणाच्या उजव्या हाताला आणि किती अंतरावर बसतो, यावर सारी व्यवस्था उभी असते. नवागत कवी त्या मोकळ्या जागेत येतो आणि आपली वस्तू तेथे ठेवतो. भाषा अनेक होत्या, पण बसण्याचे व्याकरण एकच होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. बहुभाषिक सभा शक्य झाली, त्यामागे हे सामाईक व्याकरणही होते.

हे व्याकरण परकीयांनाही पाळावे लागे. १७९० साली पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट याने पेशव्यांशी टिपूविरुद्ध तह केला. जेम्स वेल्सने आरंभिलेले आणि टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले त्या प्रसंगाचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात इंग्रज अधिकारी पेशव्यांच्या बैठकीत जमिनीवर बसलेले आहेत. ज्या युद्धासाठी हा तह झाला, त्याच युद्धात मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८०९ मध्ये, इंग्रजांची छावणी श्रीरंगपट्टणहून बेंगळुरूला आली आणि खुर्ची या शहरात वस्तीला आली.

बेंगळुरूच्या किल्ल्याजवळील टिपूचा लाकडी राजवाडा १७९१ मध्ये पूर्ण झाला होता. तेथे उंचीचा विचार इमारतीतच बांधून काढलेला आहे. वरच्या मजल्यावरील सज्जात राज्यकर्ता आणि खालच्या मोकळ्या दालनात इतर, अशी ती रचना. आसन हलवता येत नाही, म्हणून दर्जाही हलत नाही. पुढे येणाऱ्या खुर्चीचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट होते, कारण ती उचलून दुसरीकडे नेता येत असे.

शब्दांची ये-जा

मराठीतील बैठकीची शब्दसंपत्ती मोठ्या प्रमाणात फारसी-अरबी आहे. 'दिवाणखाना', 'तक्का', 'गालिचा', 'खुर्ची' हे शब्द त्या वाटेने आले. शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभाराशी संबंधित अशा हणमंते घराण्यातील रघुनाथपंतांच्या नावे ओळखला जाणारा 'राज्यव्यवहारकोश' शिवकाळात तयार झाला. दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू. कारखाने आणि भोग्य वस्तू यांना त्यात स्वतंत्र वर्ग दिलेले आहेत. कोशाने शब्द बदलू पाहिले, पण बैठक तीच राहिली आणि कालांतराने जुने शब्दही परत आले. पुण्यातील फरासखाना हे ठिकाण बिछायती आणि तंबू ठेवण्याच्या खात्याचे नाव आजही सांभाळून आहे.

कन्नडमध्ये खुर्चीला 'कुर्चि' म्हणतात. मूळ अरबी 'कुर्सी' हिंदीत 'स' राखते, मराठीत तिचा 'च' होतो आणि कन्नडमध्येही 'च'च आढळतो. हा शब्द कन्नडमध्ये मराठी कारभाराच्या वाटेने गेला असावा, असा तर्क यावरून करता येतो. उलटपक्षी कपड्यांच्या कपाटाला कन्नडमध्ये 'बीरु' म्हणतात, तो इंग्रजी 'ब्यूरो'. मराठीने त्याच वस्तूसाठी दाराचा अर्थ असलेला संस्कृत 'कपाट' शब्द घेतला. मराठी 'बाक' पोर्तुगीजांकडून आला, कन्नड 'बेंचु' इंग्रजांकडून. एकाच खोलीतील चार वस्तू अशा चार वाटांनी आल्या.

वाक्प्रचार याहून बोलके आहेत. कन्नडमध्ये 'मणे' म्हणजे बसावयाचा पाट आणि 'मणे हाकु', म्हणजे पाट मांडणे, याचा अर्थ मान देणे, महत्त्व देणे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो आजही सर्रास वापरला जातो. मराठीत 'गादी' म्हणजे राज्य, 'खुर्ची' म्हणजे सत्ता, 'बैठक' म्हणजे सभा आणि विचारांचा पायाही. राजकीय पक्षात राबणाऱ्या कार्यकर्त्याने आपण आयुष्यभर 'सतरंज्या उचलल्या' असे म्हणावे, यात कोण बसतो आणि कोण बसण्याची सोय करतो हा भेद उघड होतो. घरातून पाट नाहीसे झाले आणि सभांतून सतरंज्या गेल्या, तरी भाषेने ती जुनी मांडणी जपून ठेवली आहे.

जगली आणि व्हरांडा

पेटेतील जुन्या घरांना रस्त्याच्या कडेला 'जगली' म्हणजे ओटा असे. त्यानंतर 'पडसाले', त्यानंतर आतले घर. मराठी मुलखातील ओटी, पडवी, माजघर या क्रमाशी हा क्रम जुळतो. अशा घरात सामान थोडे असते, कारण दर्जा सांगण्याचे काम उंबरे करतात. पाहुण्याला कोठवर येऊ द्यायचे हे त्याची जात, नाते आणि काम यांवरून ठरत असे. कोणी ओट्यावर थांबे, कोणी पडवीत बसे, कोणी थेट माजघरात जाई, आणि कोणाला ओट्यावरही जागा नसे. घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत हाच क्रम उलट्या दिशेने लागू होता.

छावणीतील बंगल्याने ही रचना वेगळ्या सामग्रीने उभी केली. बेंगळुरूच्या बंगल्यांची नोंद जॅनेट पॉट यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आढळते. खोल व्हरांडा आणि खिडक्यांवरील लाकडी पट्ट्यांची टोकदार छपरी ही त्या बंगल्यांची ओळख. आत मधले दालन, त्यात खुर्च्या, कोच, लहान मेजे यांचे एकाहून अधिक गट. येथे सर्व खुर्च्यांची उंची जवळपास सारखी असल्याने समानतेचा भास होतो. परंतु कामासाठी आलेला देशी माणूस व्हरांड्यातच उभा राही. दालनातील खुर्ची त्याच्यासाठी नसे. उंबऱ्याचे काम व्हरांड्याने केले. उतरंड आसनाच्या उंचीतून निघाली आणि दारापासूनच्या अंतरात गेली, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

बंगल्यातील सामानाचे आणखी एक लक्षण नोंदवले पाहिजे. बदली होणारा अधिकारी सामान लिलावात विकून जाई आणि नव्या गावी तेथील लिलावातून घेई किंवा भाड्याने आणी. त्यामुळे हे दालन कुटुंबाच्या स्मृतीपेक्षा पदाच्या इतमामाचे दर्शन अधिक घडवत असे. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

एका घरातील दोन भाषा

१८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेग आला. पेटेतील दाटी कमी करण्याच्या हेतूने बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती विस्तारल्या. येथील मध्यमवर्गीय घराने छावणीच्या बंगल्याचा दर्शनी भाग उचलला आणि पेटेतील घराचा अंतर्भाग कायम ठेवला. पुढच्या खोलीत शिसवी खुर्च्या, मधोमध गोल मेज, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. आत मात्र पाट, चटई आणि झोपाळा. वकील किंवा सरकारी नोकर असलेला घरधनी पुढच्या खोलीत इंग्रजी वळणाने बसे आणि जेवताना मांडी घालून पाटावर बसे. टी. पी. कैलासम् यांच्या 'टोळ्ळु गट्टि' (१९१८) आणि नंतरच्या नाटकांत बेंगळुरूच्या अशाच कुटुंबांचे जीवन रंगभूमीवर आले. त्यांच्या पात्रांच्या बोलण्यातील कन्नड-इंग्रजी मिश्रणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मिश्रणाला घराच्या या दुहेरी मांडणीशेजारी ठेवून वाचले, तर ते विनोदाच्या साधनाहून अधिक काही ठरते. पुढच्या खोलीची भाषा आतल्या खोलीत शिरते आणि आतली पुढे येते, तेव्हा विनोद घडतो.

मराठी रंगभूमीवर याच सुमारास दिवाणखान्याचा प्रवेश झाला. नाट्यमन्वंतर संस्थेने १९३३ मध्ये रंगमंचावर आणलेले श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून घेतलेले. रंगवलेले पडदे जाऊन तीन भिंतींची खरी वाटणारी खोली रंगमंचावर आली. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' (१८७९) या नाटकाच्या आरंभी खोलीतील सामानाची जिन्नसवार यादी आहे; ते सामान नॉर्वेच्या मध्यमवर्गाच्या घरात वस्तुतः होते. मराठी रंगमंचावरील सोफा मात्र पुष्कळशा प्रेक्षकांच्या घरात अद्याप आलेला नव्हता. परिणामी पश्चिमेकडे वास्तवाचे चित्र म्हणून उभी राहिलेली खोली येथे आकांक्षेचे चित्र म्हणून उभी राहिली. नाटकाच्या रूपांतराची चर्चा करताना कथानक आणि पात्रे यांच्याइतकेच या फरकाकडेही लक्ष द्यावयास हवे. विजय तेंडुलकरांच्या 'कमला'मध्ये बाजारातून विकत आणलेली स्त्री दिल्लीतील पत्रकाराच्या दिवाणखान्यात येते आणि घरच्या मालकिणीला तुम्हाला केवढ्याला घेतले असे विचारते. हा प्रश्न इतका अस्वस्थ करतो, याचे एक कारण तो दिवाणखान्यात विचारला जातो हे आहे. त्या खोलीत बसण्याचा हक्क कोणी दिलेला असतो, हेच त्यातून उघडे पडते.

ज्यांना दिवाणखाना नाही

येथवरच्या विवेचनात एक गृहीत आहे, ते म्हणजे बसण्यासाठी वेगळी खोली असणे. दया पवारांच्या 'बलुतं'मधील मुंबईचा कावाखाना किंवा सिद्धलिंगय्या यांच्या 'ऊरु केरि' या आत्मकथनातील बेंगळुरूची झोपडवस्ती येथे हे गृहीत लागू पडत नाही. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास असतो, तेव्हा मांडणी स्थळात होऊ शकत नाही, ती काळात होते. सकाळी अंथरुणे गुंडाळली की बैठक होते, दुपारी पाट मांडले की जेवणघर होते, रात्री पुन्हा अंथरुणे पसरली जातात. दिवाणखान्याच्या इतिहासात या घरांना केवळ अभाव म्हणून नोंदवणे चुकीचे ठरेल, कारण मांडणीचे कौशल्य येथे सर्वांत अधिक लागते.

बसण्याच्या जागेचा प्रश्न जातीच्या अनुभवात किती खोल आहे, हे डॉ. आंबेडकरांच्या आत्मकथनपर लेखनात दिसते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे आणि बसावयाचे गोणपाट स्वतः घरून न्यावे लागे. ते गोणपाट शाळेतल्या नोकरानेही हलवू नये, असा तो दंडक होता. आसन ही केवळ वस्तू असती, तर तिला शिवणे एवढे महत्त्वाचे झाले नसते. दलित आत्मकथने वाचताना निवेदकाला कोणी, कोठे आणि कशावर बसू दिले याच्या नोंदी एकत्र केल्या, तर मराठी आणि कन्नड आत्मकथनांच्या तुलनेचा एक स्वतंत्र धागा हाती येईल.

दूरचित्रवाणीची दिशा

बेंगळुरूत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मूळ कारखाना १९४० मध्ये आला. पाठोपाठ आयटीआय (१९४८), एचएमटी (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) हे उद्योग उभे राहिले. त्यांच्या वसाहतींत देशभरातील कुटुंबे एकाच नकाशाच्या घरांत राहू लागली. येथे 'पडसाले' आणि 'दिवाणखाना' हे दोन्ही शब्द मागे पडून 'हॉल' हा शब्द रूढ झाला. मुंबईच्या मराठी घरांतही तोच झाला. इंग्रजीत मोठ्या सभागृहाला किंवा प्रवेशालगतच्या जागेला असलेले हे नाव आपल्याकडे दहा-बारा फुटांच्या खोलीला मिळाले. या शब्दात जात, प्रांत किंवा भाषा यांची खूण नाही, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण असावे.

१९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली आणि हॉलला प्रथमच एक निर्विवाद केंद्र मिळाले. तोवर आसने एकमेकांकडे तोंड करून असत. आता ती एका दिशेला वळली. १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिका चालू असताना रविवारी सकाळी शेजारपाजारची माणसे संच असलेल्या घरी जमत. सोफ्यावर घरचे आणि सतरंजीवर शेजारचे, अशी मांडणी अनेक घरांत आपोआप झाली. सर्वांची दिशा एक होती, उंची मात्र पुन्हा दोन झाल्या.

वर्षातले काही दिवस हॉल ही दिशा विसरतो. दसऱ्याला बेंगळुरूच्या घरांत 'गोंबे हब्ब' म्हणजे बाहुल्यांचा उत्सव असतो. सोफा भिंतीला सारला जातो, विषम संख्येच्या पायऱ्या रचल्या जातात आणि सर्वांत वरच्या पायरीवर 'पट्टद गोंबे' ही राजाराणीची लाकडी जोडी बसते. मराठी घरांत चैत्रगौर आणि हळदीकुंकू यांच्या वेळी अशीच हलवाहलव होते. एरवी पाहुण्या पुरुषांची आणि दूरचित्रवाणीची असलेली खोली त्या दिवशी स्त्रियांची होते. जमिनीवर बिछायत पडते आणि बैठक परत येते. हे दिवस जुन्या मांडणीचे अवशेष आहेत, तसेच खोलीवरील हक्काची फेरवाटणीही आहेत. अर्थात बोलावणे कोणाला जाते आणि कोणाला, उदाहरणार्थ विधवेला, परंपरेने जात नसे, हेही विसरून चालणार नाही.

भाड्याचा सोफा

संगणक-उद्योगाच्या वाढीबरोबर बेंगळुरूत पुन्हा एकदा बदली होणाऱ्यांची वस्ती झाली. २०१२ मध्ये याच शहरात अर्बन लॅडर ही महाजालावरून फर्निचर विकणारी कंपनी सुरू झाली. सोफा, पलंग, मेज महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्याही येथे वाढल्या. जून २०२२ मध्ये नागसंद्र येथे आयकियाचे दालन उघडले. तेथे सजवलेल्या संपूर्ण खोल्या पाहावयास मिळतात आणि सामान सुटे करून घरी आणता येते. वरवर हे सर्व अगदी नवे आहे. परंतु छावणीतील अधिकाऱ्याच्या लिलावाच्या खुर्च्या आणि आजच्या अभियंत्याचा भाड्याचा सोफा यांत एक सातत्य आहे. दोघांच्याही खोलीत वस्तू वारशाने येत नाहीत आणि वारशाला जात नाहीत. फरक असा की अधिकाऱ्याचे दालन त्याच्या पदाचे दर्शन घडवी, तर आजचा हॉल आवडीनिवडीचे दर्शन घडवतो आणि त्या आवडीनिवडी पुष्कळ अंशी दुकानाने आधीच मांडून ठेवलेल्या असतात. घरकामाला येणारी स्त्री मात्र या नव्या हॉलमध्येही बहुधा सोफ्यावर बसत नाही. ती जमिनीवर बसते किंवा उभी राहते, आणि तिला तसे सांगावेही लागत नाही.

गिरीश कर्नाड यांनी 'बेंद काळु ऑन टोस्ट' या नाटकात या बेंगळुरूचे चित्र रेखाटले. सुखवस्तू घर आणि त्या घरावर अवलंबून असलेली माणसे त्यात एकत्र येतात. मोहित टाकळकर यांनी ते 'उणे पुरे शहर एक' या नावाने मराठीत दिग्दर्शित केले, तेव्हा त्याचे स्थळ पुणे झाले. शहर बदलले, गल्ल्यांची नावे बदलली, भाषा बदलली. पण मालकिणीच्या हॉलमध्ये मोलकरणीची जागा कोणती, हे नव्याने रचावे लागले नाही. पुणेकर प्रेक्षकाला ती ओळखीची होती. अनुवादात काय हरवते याची चर्चा आपण नेहमी करतो. अनुवादाला हातही न लावावा लागता जे जसेच्या तसे पलीकडे पोहोचते, त्याची चर्चाही तितकीच आवश्यक आहे.

समारोप

शहाजीराजांच्या सभेपासून नागसंद्रच्या दालनापर्यंत बसण्याची साधने अनेकदा बदलली. प्रत्येक बदलाने जुनी उतरंड मोडल्याचा प्रत्यय दिला आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्या ठिकाणी आढळली: सज्जात, उंबऱ्यात, व्हरांड्यात, सतरंजीच्या काठाशी. भाषेतही असेच घडते. 'अहो'ची जागा 'तू' घेते, तेव्हा आदराचा भेद नष्ट होतोच असे नाही. तो आवाजात किंवा मौनात जातो. म्हणून तौलनिक अभ्यासकाने साहित्यकृतीतील खोलीकडे पाहताना सामानाची यादी करून थांबू नये. त्या खोलीत कोणाला बसावयास सांगितले आहे, कोण न सांगता बसले आहे आणि कोण शेवटपर्यंत उभे आहे, हे प्रश्न विचारावेत. रंगसूचनेत याची उत्तरे क्वचितच लिहिलेली असतात. ती वाचकाने आपल्या घरातील सवयीने भरून काढावी, अशी लेखकाची अपेक्षा असते. आणि ही सवयच इतिहासाचा सर्वांत कमी तपासला गेलेला भाग आहे.